करंट दिला की नस मोकळी होते का? रक्तवाहिन्या सैल पडण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. वर्गात मुलं गप्प बसतात. प्रश्न येतात ते रंकाळ्यावर फिरताना, भाजी घेताना, नाहीतर लग्नाच्या पंगतीत शेजारी कोण बसलंय हे कळल्यावर. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. परीक्षेसाठी कोणी वाचत असेल तर आधीच सांगते, उत्तरं गुणांप्रमाणे मापून लिहिलेली नाहीत.

मॅडम, ‘नस दबलीय’ म्हणतात आणि ‘नस फुगलीय’ पण म्हणतात. ही नस म्हणजे नेमकं काय?

अर्धा गोंधळ या एका शब्दाचा आहे. कंबरेत दबते ती नस म्हणजे चेता. मेंदूचे निरोप नेणारी ती वायरच म्हणा. पोटरीवर फुगते ती नस म्हणजे शीर, रक्त नेणारी नळी. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. मग ‘करंटने नस मोकळी केली’ असं कोणी म्हणालं की बोलणाऱ्याच्या मनात एक नस असते आणि ऐकणाऱ्याच्या मनात दुसरी. या पानावर मी ‘नस’ हा शब्द शक्यतो टाळणार आहे. निरोप नेते ती चेता आणि रक्त नेते ती रक्तवाहिनी.

गंमत म्हणजे या दोघी शरीरात बहुतेक जोडीनेच जातात. धमनीच्या अंगावर वेलीसारखं चेतांचं बारीक जाळं पसरलेलं असतं. सगळी गोष्ट त्या जाळ्याची आहे.

रक्तवाहिनी सैल पडते म्हणजे काय होतं?

धमनीच्या भिंतीत गोल कड्यासारखे स्नायू असतात. दंडाच्या स्नायूसारखे ते आपल्या इच्छेने हलत नाहीत. पेशीत कॅल्शियम वाढलं की ते आकसतात, कमी झालं की सैल पडतात. एरवीही ते पूर्ण सैल कधीच नसतात, थोडा ताण धरूनच असतात. म्हणून तर सैल व्हायला जागा उरते.

आता हिशेब बघा. नळीतून किती रक्त वाहणार हे तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं. त्रिज्या फक्त 10 टक्के वाढली तर प्रवाह साधारण 46 टक्के वाढतो. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. हा हिशेब सरळ नळीतल्या संथ प्रवाहाचा आहे. शरीर इतकं सरळ नाही, पण शरीर रक्ताची वाटणी या चिमुकल्या स्नायूंवर का सोपवतं ते यातून कळतं. आपल्या उसाच्या पाटाचंच उदाहरण घ्या: मोटार तीच, पाणी तेच, कुठल्या सरीचं दार किती उघडायचं एवढंच ठरवायचं.

चेता रक्तवाहिनी उघडते कशी? तिला बाहेरून ओढते का?

ओढत नाही. धमनीच्या भिंतीत तिला बाहेरच्या बाजूला ओढणारा स्नायूच नाही. आतल्या रक्ताचा दाब नळी फुगवायला टपलेलाच असतो, कडं सैल पडलं की तो ते काम करतो. त्यामुळे चेतेपुढे दोनच रस्ते उरतात: ‘आवळ’ म्हणणं थांबवायचं, नाहीतर ‘सोड’ असा वेगळा निरोप पाठवायचा.

पहिला रस्ता जास्त वापरातला. अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे सिम्पथेटिक, रक्तवाहिन्यांवर नॉरअॅड्रेनालिन सतत थोडं थोडं सोडत असते आणि त्याने त्या आवळलेल्या राहतात. हे सोडणं कमी झालं की वाहिनी आपोआप सैलावते. 1851 मध्ये फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी सशाच्या मानेतली ही चेता कापली, तर त्या बाजूचा कान लाल आणि गरम झाला. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार यांनी त्या कापलेल्या टोकाला विजेचा झटका दिला आणि कान परत फिका, गार पडला. चेतेचं काम आवळण्याचं आहे आणि ती गेली की वाहिनी सुटते, हे या दोन प्रयोगांनी दाखवलं. वर्गात मी हे सांगते तेव्हा मुलं चुळबुळायची थांबतात. सशाचा कान डोळ्यापुढे येतो ना!

दुसरा रस्ताही बर्नार यांनीच दाखवला, 1858 मध्ये. जबड्याखालच्या लाळग्रंथीला जाणारी चेता त्यांनी विजेने उत्तेजित केली. ग्रंथीतून रक्त इतक्या जोरात वाहू लागलं की शिरेतून बाहेर येणारं रक्तही काळपट न राहता लालभडक दिसू लागलं, ऑक्सिजन काढून घ्यायला वेळच मिळत नव्हता. इथे चेता गप्प बसलेली नव्हती, ती स्वतः ‘सोड’ म्हणत होती.

‘सोड’ हा निरोप कशाचा असतो?

यातच शंभर-सव्वाशे वर्षं गेली. विसाव्या शतकात अॅसिटिलकोलीन हे चेतांचं निरोप नेणारं द्रव्य म्हणून ओळखलं गेलं, तेव्हा वाटलं, हाच तो निरोप. पण त्याच्या कितीतरी आधी, 1872 मध्ये, हायडेनहाइन यांनी अॅट्रोपीन देऊन पाहिलं होतं, आणि अॅट्रोपीन अॅसिटिलकोलीनचं काम अडवतं. लाळ थांबली, रक्त मात्र वाढतच राहिलं. म्हणजे आणखी काहीतरी होतं. आज आपल्याला निदान तीन नावं पक्की माहीत आहेत. एक व्हीआयपी नावाचं पेप्टाइड, जे 1970 मध्ये डुकराच्या आतड्यातून वेगळं केलं गेलं. दुसरं सीजीआरपी, तेही पेप्टाइडच, त्याची गाठ पुढे रश्श्याच्या ताटावर पडेल. तिसरा म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, चक्क एक वायू.

चेतेचं टोक वायू सोडून बोलतं हे पचायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला. बाकीचे निरोप पुड्यांत बांधून ठेवलेले असतात, हा मात्र ऐन वेळी आर्जिनीन या अमिनो आम्लापासून बनतो. साठवता येत नाही, भिंती अडवू शकत नाहीत, काही सेकंदांत संपतो. तेवढ्यात स्नायूच्या पेशीत शिरून तो ग्वानिलेट सायक्लेज हे एन्झाइम जागं करतो. त्यातून सायक्लिक जीएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, कॅल्शियम उतरतं आणि कडं सैल पडतं.

हे सापडलं कसं?

अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम करत होते. अॅसिटिलकोलीन जिवंत प्राण्यात वाहिन्या सैल करतं, पण त्यांच्या पट्ट्या उलट आकसायच्या. दोष निघाला पट्टी कापण्याच्या पद्धतीत. कापताना आतला अगदी पातळ अस्तराचा थर घासून निघत होता. तो थर जपला की तीच धमनी सैल पडायची. 1980 मध्ये त्यांनी झवाद्झ्की यांच्यासोबत हे छापलं: अस्तरातून काहीतरी सुटतं आणि ते स्नायूला सैल करतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे 1986-87 च्या सुमारास स्पष्ट झालं. 1998 चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना मिळालं.

ही गोष्ट मला जिव्हाळ्याची आहे, कारण तीच चूक मीही केली. शिकत असताना मटणवाल्या काकांकडून बकऱ्याची ताजी धमनी थर्मासमध्ये गार द्रावणात घालून आणली होती. काकांना वाटलं, मुलीला रस्सा करायला येत नाही म्हणून नळ्या नेतेय. मी चिमट्याने ती धमनी इतकी स्वच्छ केली की आतलं अस्तर पार निघून गेलं. अॅसिटिलकोलीन टाकलं, धमनीच्या कड्याचा ताण दाखवणारी कागदावरची रेघ ढिम्म हलली नाही. दिवसभर औषधाला शिव्या घातल्या. संध्याकाळी आमच्या सरांनी ते कडं बोटावर फिरवलं आणि एवढंच म्हणाले, “भांडं लई घासलंस.”

प्रयोगात करंट दिल्यावर धमनी सैल पडली, तर ते काम चेतेचंच होतं कशावरून? करंटने स्नायूच हलला असेल की!

पहिल्याच वर्षाच्या एका विद्यार्थिनीने हे विचारलं होतं. या विषयाचा खरा कस इथेच लागतो, म्हणून जरा सविस्तर.

धमनीचं दोन-चार मिलिमीटरचं कडं दोन बारीक तारांवर अडकवायचं. भोवती शरीरातल्यासारखे क्षार आणि साखर असलेलं 37 अंशांचं द्रावण, त्यात 95 टक्के ऑक्सिजन आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. हे कडं आधीच सैल पडलेलं असतं, म्हणून त्याला औषध देऊन मुद्दाम आकसवायचं. सैल माणसाला आणखी सैल काय करणार! मग दोन्ही बाजूंना प्लॅटिनमच्या तारा ठेवून विजेचे ठोके द्यायचे. प्रत्येक ठोका एका मिलिसेकंदाहूनही छोटा, सेकंदाला एक ते वीस. ठोका इतका छोटा ठेवण्यामागे कारण आहे. चेतातंतू एवढ्यात पेटतात, स्नायूला मात्र त्याहून लांब ठोका लागतो.

तरी शंका उरतेच. मग टेट्रोडोटॉक्सिन टाकतात. हे पफर माशाचं जहर. चेतेतल्या सोडियमच्या वाटा ते बंद करतं, धमनीतल्या गुळगुळीत स्नायूला फारसं शिवत नाही. जहर टाकल्यावर सैल पडणं थांबलं, तर निरोप चेतेतूनच येत होता. न थांबलं, तर तुमचा करंट थेट स्नायूशी नाहीतर अस्तराशी बोलत होता आणि प्रयोग पुन्हा मांडायचा.

पुढची पायरी गाळणी लावण्याची. ग्वानेथिडीन देऊन नॉरअॅड्रेनालिन सुटणं बंद करायचं, अॅट्रोपीनने अॅसिटिलकोलीनचा कान बंद करायचा. तरीही कडं सैल पडत असेल तर तिसरंच कोणीतरी बोलतंय. मग नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम अडवायचं. सैल पडणं थांबलं आणि जास्तीचं आर्जिनीन दिल्यावर परत सुरू झालं, की चोर सापडला. जपानमध्ये नोबोरू तोदा यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या धमन्यांवर अशाच वाटेने दाखवलं, की तिथल्या चेता नायट्रिक ऑक्साइड सोडून धमनी उघडतात.

ठोक्यांचा वेगही भाषा बदलतो. सावकाश ठोक्यांना छोटे रेणू सुटतात, पेप्टाइडच्या पुड्या फुटायला सहसा वेगवान ठोके लागतात. एकच चेता हळू हाक मारली तर एक बोलते आणि घाईने मारली तर दुसरं.

तांबडा रस्सा प्यायल्यावर तोंड लाल का होतं?

हा प्रश्न बाहेरगावचे पाहुणे विचारतात, कोल्हापूरकर नाही.

मिरचीतलं कॅप्सायसिन टीआरपीव्ही 1 नावाच्या ग्राहकाला, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. हा ग्राहक वेदना सांगणाऱ्या चेतातंतूंवर असतो आणि एरवी साधारण 43 अंशांपुढच्या उष्णतेला उघडतो. म्हणून तिखट ‘जळतं’. मेंदूला खरोखरच भाजल्याची खबर जाते. डेव्हिड ज्यूलियस यांच्या गटाने तो 1997 मध्ये शोधला आणि 2021 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा या कामाचा होता.

पण इथे चेता एकाच दिशेने बोलत नाही. मेंदूकडे जाणारी खबर वाटेतल्या फाट्यावरून उलट फिरून कातडीतल्या दुसऱ्या टोकांनाही पोहोचते आणि तिथे सीजीआरपी सुटतं. वाहिन्या सैल पाडणारी जी द्रव्यं माहीत आहेत, त्यांतलं हे एक अतिशय जोरकस. जागा लाल होते, गरम लागते. घाम आणि नाकातलं पाणी वेगळ्या चेतांचं काम, पण ताटावर सगळं एकदमच येतं. सीजीआरपी अर्धशिशीतही सामील असतं. ते अडवणारी औषधं आता अर्धशिशीसाठी वापरली जातात.

पांढरा रस्सा घेतला तर हे सगळं थोडक्यात निभावतं.

भाचा तालमीत जातो. जोर काढल्यावर त्याच्या दंडाच्या शिरा दोरखंडासारख्या दिसतात. त्याही चेतेनेच उघडतात का?

माझाच भाचा आहे हो तो, आणि “मावशी, बघ!” म्हणून दंड दाखवायचं त्याला निमित्तच लागत नाही.

इथे उत्तर उलटं आहे. मेहनत करताना अनुकंपी चेता शरीरभर ‘आवळा’ असंच ओरडत असतात, कारण रक्तदाब सांभाळायचा असतो. पण राबणाऱ्या स्नायूतून पोटॅशियम, अॅडेनोसिन, कार्बन डायऑक्साइड असं बरंच काही सुटतं आणि तिथल्या धमन्या चेतेचं ऐकेनाशा होतात. स्नायूचा रक्तप्रवाह आरामाच्या 15 ते 20 पट जाऊ शकतो. पोटातल्या, मूत्रपिंडाच्या वाहिन्या मात्र आवळलेल्याच राहतात. म्हणून भरल्या पोटी हौद्यात उतरू नये हा वस्तादांचा दंडक मला पटतो. दिसणाऱ्या शिरा हा वेगळा मामला: आत रक्त जास्त येतं, फुगलेला स्नायू त्यांना कातडीकडे ढकलतो आणि पैलवानाच्या कातडीखाली चरबी कमी.

जोर संपल्यावर एकदम थांबून उभं राहू नका. उघडलेल्या वाहिन्या लगेच मिटत नाहीत आणि भोवळ येते.

रक्तवाहिनी स्वतःसुद्धा विजेचा निरोप नेते म्हणतात, खरं का?

खरं आहे. अस्तराच्या पेशी एकमेकींना बारीक छिद्रांनी जोडलेल्या असतात. एका ठिकाणी पोटॅशियमच्या वाटा उघडल्या, पेशीचा विद्युतभार जास्त ऋण झाला की तो बदल अस्तरातून मागे, वरच्या धमनीपर्यंत पसरतो. स्नायूतल्या कॅल्शियमच्या वाटा त्याने मिटतात आणि वरची धमनीही सैलावते. खालच्या सरीला पाणी हवं असेल तर वरचं दारही उघडावं लागतं, तसंच.

फिजिओथेरपीत करंट देतात. त्याने ब्लॉक झालेली नस उघडते का?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि जाहिरातींनी सगळ्यात जास्त बिघडवलेलाही हाच.

ब्लॉक म्हणजे धमनीच्या भिंतीत साठलेली चरबी, चुना आणि घट्ट पेशीजाल. तो आकसलेला स्नायू नाही, त्यामुळे त्याला सैल पडता येत नाही. टेन्स मशीन कातडीवरून चेतांना ठोके देतं आणि मुख्य उपयोग वेदना कमी करण्याचा. कातडी थोडी गरम, लालसर होऊ शकते. करंट एवढा असेल की स्नायू उडतो, तर त्या स्नायूचा प्रवाह वाढतो, पण ते स्नायू राबल्यामुळे, म्हणजे तालमीचीच छोटी आवृत्ती. चालून येणारा फायदा खुर्चीत बसून थोडासा मिळाला, इतकंच.

गंभीर उपचारांतही वीज वापरतात, पण ती गोष्ट निराळी. मज्जारज्जूजवळ तार बसवून ठोके दिले की पायाच्या कातडीतला रक्तप्रवाह वाढू शकतो, हे 1976 पासून नोंदलेलं आहे. प्राण्यांवरच्या अभ्यासात त्यामागे दोन कारणं दिसतात: अनुकंपी चेतांचा आवाज कमी होणं आणि सीजीआरपी सुटणं. हे काम शस्त्रक्रियागृहातलं. ऑनलाइन मागवलेला पट्टा पायाला बांधून ते होत नाही.

पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करंट घेऊ नये. गळ्याच्या पुढच्या बाजूला पॅड लावू नका. तिथे रक्तदाबावर नजर ठेवणारी कॅरोटिड सायनस असते, तिला डिवचलं तर नाडी आणि दाब एकदम उतरू शकतात. पाय अचानक सुजून दुखत असेल तर रक्ताच्या गाठीची शंका आधी तपासून घ्या. मधुमेहाने बधिर झालेल्या पायावर मशीन लावलं तर भाजलेलं कळतही नाही. आमच्या ओळखीतल्या एका आजोबांच्या पायाला असाच फोड आला. पुढे ती जखम भरायला महिने गेले.

छातीत दुखल्यावर जिभेखाली गोळी ठेवतात, तिचा याच्याशी काही संबंध?

सरळ संबंध. नायट्रोग्लिसरीन शरीरात जाऊन नायट्रिक ऑक्साइडचंच काम करतं, चेतेच्या निरोपाची वाट न पाहता. शिरा आणि धमन्या सैल पडतात, हृदयावरचा भार उतरतो. डोकं ठणकतं तेही डोक्यातल्या वाहिन्या सैलावल्याने. डायनामाइटच्या कारखान्यांत सुट्टीनंतर सोमवारी कामगारांचं डोकं दुखायचं, ते याच द्रव्यामुळे. ज्या आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइट केलं, त्यांनाच अखेरच्या काळात डॉक्टरांनी हृदयासाठी नायट्रोग्लिसरीन लिहून दिलं होतं.

गोळी बसून घ्या. उभ्याने घेतली तर दाब उतरून पडायला होतं.

(आवाज खाली आणून) आणि ती दुसरी गोळी?

विचारायला लाजू नका, शरीरक्रियाशास्त्रात ती महत्त्वाचीच आहे. लिंगाच्या ताठरतेत चेता नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि तिथल्या स्नायूयुक्त ऊती सैल पडून रक्त भरतं. सैल पडल्यामुळे ताठरता, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं. 1863 मध्ये एकहार्ड यांनी कुत्र्याच्या ओटीपोटातली चेता विजेने उत्तेजित करून ताठरता आणली होती. निरोप नायट्रिक ऑक्साइडचा आहे हे 1992 मध्ये इग्नारो ज्या गटात होते त्या गटाने माणसाच्या ऊतीवर दाखवलं, वर सांगितलेल्या विजेच्या ठोक्यांच्याच पद्धतीने.

सिल्डेनाफिल, म्हणजे ती दुसरी गोळी, हे स्वतः काही उघडत नाही. सायक्लिक जीएमपी मोडणारं एन्झाइम ते अडवतं, त्यामुळे आलेला निरोप टिकतो. निरोपच आला नाही तर टिकवणार काय? मधुमेहात या चेता झिजतात आणि गोळी कमी पडते, ती त्यामुळे. आणि छातीची नायट्रेटची गोळी चालू असताना ही गोळी अजिबात घ्यायची नाही. दोन्ही मिळून दाब इतका उतरतो की जिवावर बेतू शकतं. मेडिकलवाल्याला लाजून सांगितलं नाही, असं इथे चालत नाही.

रक्त पाहिलं की काही जण कोसळतात, तेव्हा काय होतं?

अनुकंपी चेता अचानक गप्प होतात, वाहिन्या एकदम सैल पडतात, नाडीही मंदावते आणि मेंदूला रक्त पुरत नाही. आडवं झोपवा, पाय वर करा. बहुतेक जण मिनिटभरात डोळे उघडतात. चप्पल हुंगवू नका, ती कोल्हापुरी असली तरी.

मिश्री आणि तंबाखूने काय फरक पडतो?

निकोटीन अनुकंपी चेतांना चेतवतं, म्हणून बोटं गार पडतात. बिडी-सिगारेटचा धूर याशिवाय अस्तर बिघडवतो, म्हणजे बकऱ्याच्या धमनीवर मी चिमट्याने केलं त्यातलंच थोडं, पण रोज.

घरी करून बघता येईल असा काही प्रयोग?

आहे. कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूवर बोथट टोकाने, पेनच्या टोपणाने, जरा दाबून एक रेघ ओढा. कातडी फाटायला नको. आधी रेघेवरच लाली येते. मग अर्ध्या-एक मिनिटात रेघेच्या दोन्ही बाजूंना पसरट लाली पसरते, जिथे टोपण लागलंच नव्हतं. काहींना रेघ फुगूनही येते. टॉमस लुइस यांनी 1920 च्या दशकात या तिन्ही गोष्टी नीट नोंदवल्या. बाजूला पसरलेली लाली म्हणजे रश्श्याच्या ताटावर भेटलेला तोच उलटा फिरलेला निरोप.

चेता मेली की ही पसरट लाली येत नाही. कापल्या दिवशी येते, तंतू झिजून गेल्यावर काही दिवसांनी बंद होते. कुष्ठरोगाच्या निदानात याचा उपयोग करत आलेत: संशयित चट्ट्यावर हिस्टॅमिनचा थेंब ठेवून सुईने टोचायचं. टोचलेली जागा लाल होते आणि फुगते, भोवतीची लाली मात्र उमटत नाही.